बासष्ट शून्यं

ज्या घराण्यानं एका बुडत्या शहराला सलग एकतीस तास आवाजाचा आधार दिला, त्याला काळही सहसा हात लावत नाही. काळाचं राहू द्या. त्या मंगळवारी सकाळी त्याच घराण्यातल्या तीन शहाण्यासुरत्या माणसांना मिळून नदीकाठच्या केबिनमधल्या एका लोखंडी कपाटाची किल्ली सापडत नव्हती.

किल्ली आत्याच्या गळ्यात होती. छप्पन्न वर्षं ती तिथंच होती. पण आत्याला विचारावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण आत्याला काही विचारायची त्या घरात पद्धतच नव्हती. तिला सांगायची पद्धत होती.

"कपाट फोडू या," वकील म्हणाला. अप्पांच्या थोरल्या मुलीचा हा पाठचा भाऊ. गेली दोन वर्षं तो घरचं रेडिओ केंद्र बंद करून परवाना परत करू या, असं दर जेवणाला म्हणत होता, आणि आज मात्र सगळ्यांच्या आधी येऊन टेबलावर फायली मांडून बसला होता. भांडण असो की समारंभ, पहिल्या रांगेत बसायची त्याला लहानपणापासून सवय.

"फोड. आणि खात्याच्या साहेबांना सांग, रेकॉर्ड आम्ही हातोडा-छिन्नीनं जपलंय," थोरली म्हणाली.

फ्रिक्वेन्सी खात्याचा अधिकारी अकरा वाजता येणार होता. परवान्याचं नूतनीकरण झालं तर केंद्र आणखी दहा वर्षं चालणार, नाहीतर महिनाअखेर बंद. खात्याच्या छापील अर्जात 'सार्वजनिक सेवेचा पुरावा' असा रकाना होता आणि थोरलीनं त्यात मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : महापुराच्या वेळी एकतीस तासांचं अखंड प्रक्षेपण. खात्याचं उत्तर काल आलं. त्या सालची ट्रान्समीटरची मूळ नोंदवही तपासणीस ठेवावी.

बत्तीस वर्षं थोरली या केंद्रावरून अकराच्या बातम्या वाचत होती. तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि बावन्नाव्या वर्षी शिकायची तिची इच्छाही नव्हती.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या आणि आत्या कापडी पिशवी घेऊन आत आली. "पुराच्या सालची वही हवीय ना? हे घे. पहिल्या बसनं केबिनवर जाऊन कपाटातून आणली."

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच. सकाळच्या निवेदनात म्हणालीस की साहेब येणार, वही बघणार. रेडिओवर ऐकलं."

त्या घरात बऱ्याच गोष्टी एकमेकांना अशाच कळत.

*

स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर आणि खाली लाकडी फर्निचरचा कारखाना. अप्पांनी केंद्र सुरू केलं तेव्हा भाडं परवडेल अशी तेवढीच जागा होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकून त्यांनी आवाज अडवला, पण रंध्याचा आवाज गादीला जुमानत नाही. म्हणून बातम्या अकराला. अकराला सुतार चहाला जात. पुढे कारखान्यात बिनआवाजाची यंत्रं आली, सुतार गेले, तरी सगळं शहर अजून अकराच्या बातम्यांवर घड्याळ लावत होतं.

ट्रान्समीटर मात्र शहराबाहेर, नदीकाठच्या दलदलीत. मध्यम लहरींच्या मनोऱ्याला ओली जमीन मानवते. जितका चिखल जास्त, तितका आवाज लांब जातो. अप्पांनी शहरातली सगळ्यांत सखल, सगळ्यांत ओली, कुणी फुकट घेणार नाही अशी जागा निवडली आणि तिथल्या केबिनमध्ये आपल्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आत्याला, बसवलं. तिनं दर अर्ध्या तासानं मीटर बघून आकडा लिहायचा. तिनं तो तीस वर्षं लिहिला. घरात तिला मागून 'मीटर' म्हणत. तिला ते माहीत होतं. तिला बहुतेक सगळंच माहीत असे.

आणि स्टुडिओच्या भिंतीवर, घड्याळाच्या खाली, अप्पांनी स्वतःच्या हातानं रंगवलेला नियम : *ज्यानं चूक वाचली, त्यानंच दुरुस्ती वाचायची. तितक्याच मोठ्या आवाजात.* बसच्या वेळेपासून मंत्र्याच्या वयापर्यंत छप्पन्न वर्षांत हजारो दुरुस्त्या त्या टेबलावरून वाचल्या गेल्या होत्या. एकदा तर थोरलीनं एका जिवंत माणसाची मयत वाचली होती. दुसऱ्या दिवशी त्याला जिवंत करताना तिचा आवाज फुटला. त्या माणसानं फोन करून सांगितलं, "मयतीच्या वेळी आवाज बरा लागला होता तुमचा."

काचेपलीकडे आता भावजयीचा 'बोला एकदाचं' हा कार्यक्रम चालू होता. वकिलाची ही बायको रोज तासभर लोकांचे फोन घेई आणि लोकांना त्यांच्याच तक्रारींवर हसवी. आज विषय एकच होता : पूर. अप्पा पाहुणे म्हणून तिच्यासमोर बसले होते, चौऱ्याऐंशीव्या वर्षीही ताठ. कानाला हेडफोन आणि चेहऱ्यावर त्यांची ती ठेवणीतली नम्रता.

थोरलीनं वही उघडली. पुराची तारीख सापडायला वेळ लागला नाही. आत्याचं अक्षर छापल्यासारखं.

दुपारी अडीच : सहा पॉइंट दोन. तीन : सहा पॉइंट दोन. साडेतीन : सहा पॉइंट एक. मग बारीक अक्षरात एक ओळ : *३.४०. केबिनमध्ये गुडघाभर पाणी. मेन स्विच बंद केला.*

चार : शून्य. साडेचार : शून्य. पाच : शून्य.

तिनं पान उलटलं. शून्य. आणखी एक पान. त्यावरही तेच. प्रत्येक शून्यापुढे वेळ, प्रत्येक वेळेपुढे सही. तिनं मोजले. बासष्ट भरले. शेवटचं दुसऱ्या रात्री साडेदहाचं.

अप्पांचे ते एकतीस तास दुपारी चारला सुरू झाले होते. ही वेळ शहरातल्या शाळकरी पोरांनाही पाठ होती. नगरपालिकेनं खालच्या रस्त्यावर लावलेल्या फळीवर ती कोरलेली होती.

कुणीतरी पायाखालची फरशी उचलून नेली आणि आपण मात्र जागच्या जागी उभे, असं तिला वाटलं.

"आत्या," ती हळूच म्हणाली. "हे शून्य म्हणजे?"

"शून्य म्हणजे शून्य. त्याला दुसरा अर्थ नसतो."

"केंद्र बंद होतं?"

"पाण्यात होतं. दलदलीत बांधलेलं, पूर आल्यावर सगळ्यांत आधी तेच बुडणार ना. ह्यात काय विचारायचं?" आत्यानं पिशवीची घडी घातली. "दुसऱ्या आठवड्यात यंत्र वाळवून चालू केलं. तेही लिहिलंय पुढे."

थोरली सहा वर्षांची होती तेव्हा. टेकडीवर आजोळच्या घरी, टेबलाखाली, मांडीवर ट्रान्झिस्टर घेऊन ती रात्रभर बसली होती. तिनं ऐकलं होतं. *मुलांनो, घाबरू नका. पाणी आलं तसं जातं.* अप्पांचा आवाज, थोडा बसलेला, आणि मागे विजेची करकर. त्या एका वाक्यासाठी तिनं कॉलेज सोडून हे टेबल धरलं होतं. आत्ताही, वही हातात असताना, ते वाक्य तिच्या कानात स्पष्ट वाजत होतं, मागच्या करकरीसकट.

"मी ऐकलंय, आत्या."

"सगळ्यांनीच ऐकलंय," आत्या म्हणाली. तिच्या सुरात कुठेही टोमणा नव्हता.

*

वकिलानं वही दोनदा वाचली.

"अप्पांना माहीत आहे?"

"पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी सांगितलं मी," आत्या म्हणाली. "तेव्हा ह्या जिन्यात माणसांची रांग लागली होती, त्याचा हात हातात घ्यायला. दादा म्हणाला, लोकांनी ऐकलंय म्हणतात. इतके लोक खोटं कशाला बोलतील? मग मी गेले यंत्र पुसायला."

"आणि सेहेचाळीस वर्षं गप्प बसलीस?"

"गप्प कुठे? लिहून ठेवलं होतं. कपाटात होतं. बघायला कुणी आलं असतं तर दिसलंच असतं."

छताजवळच्या स्पीकरमधून भावजयीचा आवाज येत होता. एक निवृत्त पोस्टमन सांगत होता, अप्पांनी रात्री एकला पुलावर जाऊ नका म्हणून बजावलं, म्हणून तो आज हयात आहे. मग एक बाई. "मला तर ती शिंक आठवते! पहाटे अप्पा शिंकले आणि म्हणाले, माफ करा, पाऊस माझ्याही नाकात शिरलाय. त्या तसल्या संकटात आमचं घर हसलं हो!"

काचेपलीकडे अप्पा मान डोलावत होते. ते खरंच शिंकले होते.

"बघ," वकील म्हणाला, "शिंकसुद्धा ऐकलीय. वही चुकीची असू शकते."

"दर वर्षी त्या तारखेला अप्पा ती गोष्ट सांगतात," थोरली म्हणाली. आपलाच आवाज तिला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "शिंकेसकट. पुलासकट. पंचेचाळीस वेळा सांगितलीय. लोकांनी ऐकलंय ते हे सांगणं." आणि मग, स्वतःलाच : "मीसुद्धा."

गाणं लागलं. भावजय आणि अप्पा बाहेर आले. भावजय पाणी पिता पिता थांबली. "काय झालंय? कुणी गेलंय का?"

थोरलीनं वही तिच्यापुढे सरकवली. भावजयीनं वाचलं, पान उलटलं, आणि तासाला साठ फोन घेणाऱ्या त्या बाईला पहिल्यांदाच शब्द सापडेना.

वकिलाला मात्र सापडले. "ऐका. वही भिजली म्हणायचं. पुरात वही भिजली, याहून पटण्यासारखं दुसरं काय असेल?"

"भिजली नाही," आत्या म्हणाली. "डब्यात होती."

"आत्या, भिजवता येते."

"अहो!" भावजयीला कंठ फुटला. "दोन वर्षं तुम्हीच मागे लागलाय, कशाला हवंय हे जुनाट खोकं, परवाना देऊन टाका. आता तोच परवाना वाचवायला खोटं बोलायचं?"

"परवान्याचं कोण बोलतंय? परवाना गेला तर गेला! माझ्या दारात येणारा प्रत्येक अशील म्हणतो, तुम्ही अप्पांचे चिरंजीव ना, म्हणजे डोळे झाकून विश्वास. उद्यापासून तो डोळे उघडून येईल."

"येऊ द्या की. झाकून आलेले कितीतरी जिन्यात पडलेत."

"तुला विनोद सुचतोय?"

"मला रडू येतंय. ते दुसऱ्या कुठल्या रूपात येत नाही माझ्यात, तुम्हाला माहितीय."

थोरलीला वकिलाचा राग यायला हवा होता. पण क्षणभर, एकच क्षण, तिनं पाण्याच्या भांड्याकडे बघितलं. वही भिजायला अर्धा मिनिट पुरलं असतं. मग दहा वर्षं अकराच्या बातम्या. तिचं टेबल, तिचा माइक, अकराला पाच कमी असतानाची ती शांतता. आपण भांड्याकडे बघतोय हे आत्याला दिसलं, हे तिलाही दिसलं. आत्यानं भांडं उचललं आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"अप्पा," थोरली म्हणाली. "तुम्हाला हेडफोनमध्ये कळलं नाही? हवेतून परत येणारा आवाज आपण ऐकतो की. मनोरा बंद तर कान बंद."

अप्पा अजून उभेच होते. वहीला त्यांनी हात लावला नव्हता.

"विजा होत होत्या," ते म्हणाले. "करकर फार. कान किटले. म्हणून मी बटण फिरवून टेबलाचाच, माइकमधून थेट येणारा आवाज कानात घेतला. स्वच्छ येत होता." ते थांबले. "फार स्वच्छ. तेव्हाच कळायला हवं होतं."

"म्हणजे एकतीस तास तुम्ही..."

"मीच मला ऐकत होतो. हो."

एवढं सरळ वाक्य अप्पांच्या तोंडून त्या घरानं कधी ऐकलं नव्हतं. वकील खुर्चीत बसला.

"इथं जनरेटर होता, दिवे होते," अप्पा पुढे म्हणाले. "फोन बंद पडलेले. कुणी सांगणार कसं? पोलीस जिने चढून निरोप आणत, मी वाचत असे. तेही समाधानानं खाली जात. आणि तिसऱ्या दिवशी चिमी म्हणाली बंद होतं. मला वाटलं..." त्यांनी बहिणीकडे बघितलं. सत्त्याहत्तर वर्षांच्या त्या बाईला चिमी म्हणणारं आता एकच माणूस उरलं होतं. "मला वाटलं तू स्विच बंद करून घरी गेलीस. वेळीच. म्हणून काही विचारलं नाही."

"घरी कशी जाणार? रस्ता कुठे होता?"

"मग कुठे होतीस?"

"छपरावर."

"किती वेळ?"

आत्यानं वहीकडे बोट केलं. इतकं उघड लिहिलेलं पुन्हा तोंडानं कशाला सांगायचं, असा तिचा चेहरा.

अप्पांनी तेव्हा वही घेतली. चष्मा शोधला, तो कपाळावरच होता. ते एकेक शून्यावर बोट ठेवत गेले. दुपारचे चार. संध्याकाळचे सात. रात्रीचे दोन. पहाटेचे साडेपाच. चेहऱ्यावरची ठेवणीतली नम्रता कुठल्यातरी शून्यापाशी गळून पडली आणि खाली एक म्हातारा माणूस निघाला.

"बंद मीटरचा आकडा लिहीत बसलीस? पावसात?"

"नियम अर्ध्या तासाचा होता. बंद असेल तर लिहू नये असं कुठे म्हटलं होतं?" मग थोडं थांबून, "झोप लागू नये म्हणूनही बरं पडलं. झोप लागली असती तर खाली पडले असते."

स्पीकरमधलं गाणं संपत आलं होतं.

भावजय डोळे पुसत आत पळाली. जाता जाता म्हणाली, "ताई, तुम्ही ठरवा. पण अकराला दहा कमी आहेत, आणि बाहेर बाकावर एक गृहस्थ मांडीवर फाईल घेऊन बसलेत. लवकर आलेत."

*

थोरलीनं दुरुस्ती लिहायला घेतली. चार ओळी. बत्तीस वर्षांत इतक्या दुरुस्त्या लिहिल्या होत्या, पण पेन कागदाला टेकत नव्हतं.

"ताई, विचार कर," वकील म्हणाला. त्याचा आवाज आता वकिली नव्हता. "बाहेर स्पीकर आहे. तो माणूस ऐकेल. अर्जात तू स्वतःच्या सहीनं लिहिलंयस. आपल्याच तोंडानं आपला अर्ज खोटा म्हणायचा? मी बंद करू म्हणत होतो ते वेगळं. पण तुला हेच हवंय ना, हे टेबल?"

"हेच हवंय."

"मग?"

"मग त्या टेबलावरून काय वाचायचं, रे? उद्या बसची वेळ चुकली तर दुरुस्ती कोणत्या तोंडानं वाचू?"

तिनं कागद उचलला. अप्पांनी हात पुढे केला.

"दे."

"अप्पा, मी वाचते. तुम्ही बसा."

"भिंतीवर काय लिहिलंय?"

"अप्पा..."

"मीच रंगवलंय. चूक कुणी वाचली?"

अकराचे ठोके पडले. आधी थोरलीनं बातम्या वाचल्या : पाणीपुरवठा, एक अपघात, बाजार. जीभ चालत होती, ती स्वतः तिथं नव्हती. मग तिनं माइक सरकवला.

अप्पांनी घसा साफ केला. "एक दुरुस्ती," ते म्हणाले, आणि तो आवाज, अजूनही तसाच गाभाऱ्यातून आल्यासारखा, सगळ्या शहरात गेला. "महापुराच्या वेळी मी या केंद्रावरून एकतीस तास बोललो असं हे केंद्र सेहेचाळीस वर्षं सांगत आलं. मी बोललो. ते प्रक्षेपित झालं नाही. ट्रान्समीटर पाण्याखाली होता. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं. चुकीबद्दल दिलगीर आहोत."

कागद इथं संपत होता. अप्पा थांबले नाहीत.

"त्या एकतीस तासांत या केंद्राचं काम फक्त एका व्यक्तीनं केलं. ती केबिनच्या छपरावर होती. ती माझी बहीण आहे. मी तिला आज विचारलं."

काचेपलीकडे आत्या पिशवीची घडी पुन्हा घालत होती, मघाशी घातलेलीच.

पहिला फोन अकरा सेकंदांत आला. मग सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले. भावजयीनं एकेक घ्यायला सुरुवात केली.

"अप्पांची तब्येत बरी नाही का?"

"हे त्यांच्याकडून कुणी वाचून घेतलं? त्या थोरलीनं ना? लाज वाटायला हवी, म्हाताऱ्या माणसाला असं..."

"मी ऐकलंय! माझ्या स्वतःच्या कानांनी! तुमचं मशीन काय म्हणतं त्याच्याशी मला काय करायचंय?"

शिंकवाली बाई रडत होती. पोस्टमन संतापला होता. आपल्याला जीव कुणी दिला हे त्याला या वयात नव्यानं ठरवायचं नव्हतं. थोरली हेडफोन लावून ऐकत राहिली. तिनं सगळ्याची तयारी केली होती : शिव्या, थट्टा, परवाना जाणं. लोक विश्वासच ठेवणार नाहीत, ही तयारी तिनं केली नव्हती. छप्पन्न वर्षांत केंद्रानं सांगितलेली सगळ्यांत खरी गोष्ट शहरानं साभार परत केली होती.

एक फोन वेगळा होता. दमेकरी आवाज, वाक्यामध्ये श्वास घेणारा. "मी तेव्हा बचावाच्या होडीवर होतो. त्या छपरावर एक बाई होत्या खऱ्या. आम्ही दोर टाकला, म्हटलं चला. तर म्हणाल्या, पाच मिनिटं थांबा, साडेदहाचं लिहायचंय. आम्ही थांबलो. पुरात होडी धरून पाच मिनिटं! आम्हाला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. त्या आहेत का अजून?"

भावजयीनं काचेतून बघितलं. आत्या उठून आत आली, माइकशी वाकली, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्या केंद्रावरून बोलली.

"दहा पंचविसाला आला होतात तुम्ही," ती म्हणाली. "त्यात माझा काय दोष?"

अप्पांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते की काय, हे वकिलानंही विचारलं नाही. तो उठून त्यांच्यामागे उभा राहिला आणि पाठीवर हात ठेवला, एवढंच.

थोरली वही घेऊन बाहेर गेली. बाकावरचा माणूस ऐन चाळिशीतला, टक्कल पडत आलेला. त्याच्या डोक्यावरच स्पीकर होता.

"मूळ वही?" त्यानं विचारलं.

"हो. चौऱ्याहत्तराव्या पानापासून बघा."

त्यानं वहीच्या पुठ्ठ्यावरचं साल बघितलं, अर्जावर बरोबरची खूण केली आणि वही न उघडता परत दिली.

"तुम्ही ऐकलंत ना आत्ता?" थोरली म्हणाली. "दुरुस्ती?"

"ऐकली. चांगला आवाज आहे." त्यानं अर्जावर पाठपोट नजर फिरवली. "पण दुरुस्तीसाठी रकाना नाहीये ह्यात."

"अहो, सेवेच्या पुराव्याचा रकाना खोटा ठरतो. त्यावरच तर नूतनीकरण आहे."

"तो रकाना दोन अर्जदार असतील तर बघतात, बाई. कुणाची सेवा जास्त ते ठरवायला." त्यानं शिक्क्यावर फुंकर मारली, शिक्का उमटवला, दहा वर्षांपुढची तारीख घातली आणि फाईल तिच्याकडे सही करायला वळवली. वरच्या कोपऱ्यात खात्याच्या कारकुनानं निळ्या शाईत नोंद केली होती. या फ्रिक्वेन्सीसाठी एकूण आलेले अर्ज : एक.